मोजडीची कुंडी कधी बदलायची

घर भाड्यानं मागायला गेलेल्या माणसाला घरमालक काय विचारतात ते ठरलेलं असतं. नोकरी कुठं, माणसं किती, मटण शिजवणार का, आणि आडून आडून जात. गोंदियात नागऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या घरी मला यातलं काहीच विचारलं गेलं नाही. बनियन आणि खाकी हाफपँट घातलेल्या, सत्तरीकडे झुकलेल्या गृहस्थांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुमी बॉटनीच्या मॅडम ना? मंग सांगा, स्लिपर ऑर्किडची कुंडी कधी बदलाची?"

मी सांगलीकडची. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी लागली म्हणून एवढ्या लांब आले होते आणि चार दिवस लॉजवर राहून जीव विटला होता. ऑर्किडचं चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, परीक्षेत काढलंही होतं. पण त्याची कुंडी बदलायचा प्रसंग अभ्यासक्रमात नव्हता. तरी शिक्षकाला गप्प बसवत नाही. मी ठोकून दिलं, "पावसाळ्यात."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं छताकडे पाहिलं.

"बारावीच्या लेकरायचं कसं होईल," ते म्हणाले. मग उठून वरच्या खोलीची चावी घेऊन आले. "राहा. शिकून जाल."

मी तीन वर्षं राहिले. शिकले किती ते अजून ठरायचं आहे.

घरमालक काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी इटियाडोह धरणाच्या कालव्यावर. धानाला पाणी सोडायचं, धानाचं पाणी बंद करायचं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक सोडायची वेळ असते आणि एक बंद करायची, आणि बाकीच्या लोकांना ती कळत नाही, असं त्यांचं पक्कं मत होतं. त्यांचा जीव जिच्यात अडकला होता ती कुंडी बैठकीत पूर्वेच्या खिडकीपाशी एका स्टुलावर होती. वीतभर पानं, पानांवर गडद-फिक्या हिरव्या रंगाची नक्षी, आणि वर्षातून एकदा मधोमध एक दांडा. दांड्यावर एकच फूल. फुलाची खालची पाकळी पुढून गोल, आतून पोकळ, एखाद्या बाहुलीच्या पायात घालावी अशी. काका तिला 'मोजडी' म्हणत. काकू 'ते चप्पलवालं झाड' म्हणत आणि तसं म्हटलं की काका तासभर बोलत नसत. मला वाटतं काकू त्यासाठीच म्हणत असाव्यात.

बैठकीत टीव्ही नव्हता. तो आत स्वयंपाकघराच्या दाराशी हलवला होता, कारण त्याची गरमी मोजडीला लागते. सोफाही नव्हता, कारण सोफा खिडकीचा उजेड अडवायचा. होता तो एक भलामोठा कूलर. गोंदियाचा मे महिना ज्यांनी काढला नाही त्यांना मी तो सांगून कळणार नाही. वर माझ्या खोलीत पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलत असे आणि खाली ती एक वीत कुंडी कूलरसमोर मजेत बसलेली असे. पहिल्या उन्हाळ्यात माझा संताप संताप झाला. दुसऱ्या उन्हाळ्यात मी अक्कल वापरली आणि पेपर तपासायचे गठ्ठे घेऊन मोजडीशेजारी जाऊन बसू लागले. काकांना वाटलं मला गोडी लागली. त्यांनी मला स्वतःच्या हातानं चहा करून दिला. तो वाईट होता, पण कूलर चांगला होता.

त्यांची शिकवणी तिथंच चालायची. मोजडीची कुंडी कॅलेंडर पाहून बदलायची नाही, हा पहिला धडा. पाऊस पाहून तर मुळीच नाही, असं म्हणताना ते माझ्याकडे पाहायचे. खुणा पाहायच्या. खुणा तीन. एक, झाड बुडाशी दोन बोटांत धरून अलगद हलवायचं. घट्ट असलं तर सोडून द्यायचं. डुलायला लागलं तर समजायचं की मुळं सैल झाली. दोन, कुंडीत नाक घालून वास घ्यायचा. आतली साल आणि कोळसा ताजा असला तर जंगलासारखा वास येतो, कुजला असला तर शिळ्या पेजेसारखा आंबट. तीन, नवा फुटवा पाहायचा. धानाला फुटतात तसेच फुटवे मोजडीलाही फुटतात, पण प्रत्येक नवा फुटवा जुन्याच्या जरा वर येतो. होता होता एक दिवस त्याची मुळं हवेत लोंबायला लागतात, खाली टेकतच नाहीत.

"तीन खुणा जमल्या का बदलाची," काका म्हणत. "अन् फूल हाय तोवर हात नाही लावाचा. तिन्ही खुणा असो नाहीतं तेरा असो. फूल हाय तोवर कुंडी नाही."

मी म्हटलं, "काका, यात कठीण काय आहे?"

"कठीण काहीच नाही जी. पण लोक पाहातच नाही. हात लावून मोकळे होतात."

गंमत अशी की ही परीक्षा त्यांनी कुंडीपुरती ठेवली नाही. दिसेल ती वस्तू ते दोन बोटांत धरून हलवून पाहायचे. खुर्ची, फाटक, गॅसचं सिलिंडर, विजेचा खांब, स्वतःची दाढ. आजारी मित्राला भेटायला गेले तरी आधी खांदा धरून हलवायचे आणि "घट्ट हाय अजून" म्हणून घरच्यांना धीर द्यायचे. नाक तर कुठंही घालायचे. शेजारणीच्या तुळशीत नाक घालून डोळे मिटून उभे असलेले त्यांना पाहून ती बाई बराच काळ त्यांना फार भाविक समजत होती. एकदा मी कॉलेजातून रडवेली होऊन आले. वर्गातल्या पोरांनी माझ्या सांगलीच्या बोलण्याची नक्कल केली होती. काकांनी पायरीवरच माझा खांदा धरला, हलवला, जरा विचार केला आणि म्हणाले, "थोडं डुलून राहिलं. पण नवी कुंडी हाय, पहिलं वरीस असंच राहते." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण तेव्हा बरंच वाटलं.

आमच्या घरावरून बिरसीच्या वैमानिक शाळेची छोटी विमानं घिरट्या घालायची. एखादं विमान पंख डुलवत गेलं की काका अंगणात उभे राहून कपाळावर हात धरून पाहायचे. "हे नवीन पोट्टं दिसते. मुळं नाही धरली अजून." आणि ते विमान दिसेनासं होईपर्यंत आत यायचे नाहीत.

ही मोजडी दुसरी. पहिलीची कथा मला काकूंनी सांगितली, काका घरात नसताना. त्यांची एकुलती मुलगी शेतकी शिकायला पुण्याला गेली आणि तिकडंच नोकरी, तिकडंच लग्न असं करत राहून गेली. पहिल्या पगारातून तिनं बापासाठी हे झाड पाठवलं. कसं ठेवायचं ते लिहून पाठवलं होतं, पण काकांनी चिठ्ठी वाचली नाही. आयुष्यभर कालव्यावर काढलेल्या माणसाला रोप कसं लावायचं हे चिठ्ठी सांगणार होती का? त्यांनी मोठी कुंडी आणली. धानाच्या बांधीतला काळा चिखल आणला. तो पायानं तुडवला, रोवण्यासाठी तुडवतात तसा. मोजडी अंगठ्यानं चिखलात दाबली, वर दोन बोटं पाणी उभं केलं आणि कुंडीला बांध घालता येत नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली.

"पंधरा दिवसात पानं पिवळी," काकू सांगत होत्या. "मी म्हटलं, पाणी काढा. तं म्हणतात, धानाले सांगाल का पाणी नोको म्हणून? महिनाभरात झाड गेलं. मंग तीन दिवस जेवले नाही. पोरीले फोन केला अन् सांगतलं का उंदरानं खाल्लं."

मुलीनं दुसरं पाठवलं. आणि ह्या वेळी चिठ्ठी काकांनी इतकी वाचली की घड्यांवर फाटली. तिन्ही खुणा तिच्याच चिठ्ठीतल्या. हे मात्र काकांनी मला कधी सांगितलं नाही. ते आपलं म्हणून शिकवायचे.

पुण्याच्या लॉबीची गोष्ट काका स्वतः सांगायचे, आणि जिंकून आल्यासारखी सांगायचे. मुलीनं नवा फ्लॅट घेतला तेव्हा दोघं पंधरा दिवस राहायला गेले होते. दिवस धान रोवण्याचे. इकडं सगळा जिल्हा चिखलात वाकलेला आणि काका तिकडं सातव्या मजल्यावर. हात शिवशिवत होते. चौथ्या दिवशी खाली फिरायला गेले तेव्हा त्यांना लॉबीत कुंड्या दिसल्या. चांगल्या कंबरेएवढ्या, हिरव्यागार, भिंतीला लागून ओळीनं. सवयीनं त्यांनी पहिली हलवून पाहिली. डुलली. दुसरी हलवली. तीही डुलली. सगळ्याच डुलत होत्या.

"मॅडम, मी घाबरलो. म्हटलं, इतक्या मोठ्या बिल्डिंगीत कोणाले काहीच समजत नाही का?"

त्यांनी पहिलं झाड अलगद उपसलं. ते फारच अलगद आलं. खाली मूळ नव्हतं. थर्माकोलचा एक गोळा आणि त्यात रोवलेली तार. काकांनी दुसरं उपसलं. मग तिसरं. वॉचमन धावत आला तोवर लॉबीच्या फरशीवर सहा झाडं आडवी होती, थर्माकोलचे दाणे सगळीकडे उडत होते आणि काका सातवं हातात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, "मूळच नाही हो याले. पाह्या. एकाले बी मूळ नाही." वॉचमननं भोंगा वाजवला. लोक खाली आले. कुणीतरी व्हिडिओ काढला. कमिटीच्या अध्यक्षांना काकांनी थर्माकोलचा गोळा हातात देऊन वास घ्यायला लावला.

"मंग?" मी हसून हसून विचारायची.

"मंग काय. समजलं त्यायले," काका म्हणायचे आणि विषय तिथंच संपायचा. पंधरा दिवसांसाठी गेलेले ते सहाव्या दिवशी परत का आले, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, गोष्ट तेवढीच आहे.

माझ्या तिसऱ्या वर्षी मुलीला मुलगी झाली. काकू महिनाभर जाऊन आल्या. काका गेले नाहीत, मोजडीला दांडा आला होता म्हणून. डिसेंबरात फूल उमललं. तिन्ही खुणा तर वर्षापासून जमल्या होत्या. झाड डुलत होतं, पेजेचा वास मला, म्हणजे मलासुद्धा, येत होता, आणि फुटव्याची केसाळ तपकिरी मुळं हवेत लोंबत होती. आदल्या वर्षी बदलायची म्हणत म्हणत दांडा आला आणि राहून गेली. आता फूल गळलं की लगेच बदलायची, असं ठरलं.

मोजडीचं फूल किती टिकतं हे ज्याला माहीत नाही त्यानं ते पाळू नये. जानेवारी गेला. फेब्रुवारी गेला. फूल उमललं तसंच होतं, जणू कालच आलंय. आणि तिकडं नात सात महिन्यांची व्हायला आली. तिचं उष्टावण ठरायचं होतं. मुलीला भाऊ नाही, म्हणजे मामा नाही. बाळाला भाताचा पहिला घास आजोबांनी द्यायचा, असं मुलीनं आणि काकूंनी फोनवर ठरवून टाकलं. काकूंनी गावाकडून चिन्नोर मागवला. लहानसा धान, शिजला की घरभर वास सुटतो. पुरचुंडी बांधून देवापाशी ठेवली. बॅग भरून झाली. काका म्हणाले, "फूल गळू दे. कुंडी बदलली का निघू."

 येता-जाता काकू त्या फुलाकडे ज्या नजरेनं बघायच्या, ती नजर माझ्याकडे वळली असती तर मी दुसऱ्या दिवशी खोली सोडली असती. सगळी गल्लीच फुलाकडे डोळे लावून बसली. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "गळलं का?" दूधवाला विचारायचा. कॉलेजातून आले की मीही आधी खिडकीतून डोकावायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली दुपार. उन्हं तापायला लागली होती आणि मी पेपरांचा गठ्ठा घेऊन मोजडीशेजारी बसले होते. काका बाहेर गेलेले. लिहिता लिहिता मान वर केली तर मला वाटलं, फुलाचं तोंड नेहमी दाराकडे असतं, ते आज भिंतीकडे का? तीन वर्षांत मला पहिल्यांदाच काहीतरी वनस्पतिशास्त्रीय दिसलं होतं. मी हात पुढं केला आणि एका बोटानं फूल जरासं वळवलं.

ते माझ्या हातात आलं.

तेव्हा माझं काय झालं ते मी सांगत नाही. एका बाईचं बॅगेत भरलेलं सगळं आयुष्य ज्याच्या गळण्यावर अडलं होतं, ते मी तोडलं होतं, आणि तेही काकांच्या कूलरशेजारी बसून. मग लक्षात आलं की फुलाच्या देठात झाडूची काडी खुपसलेली आहे. आणि दांड्याला हिरव्या शिवायच्या दोऱ्याचे बारीक वेढे आहेत. पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. फूल केव्हाच गळलेलं होतं.

"ठेवा थे," मागून काकू म्हणाल्या. "जसं होतं तसं ठेवा."

"काकू, हे गळलंय."

"मले माहीत हाय. सहा दिवस झाले. दोरा माझ्याच डब्यातला होय." त्या खाली बसल्या. "पहाटेले उठून बांधत होते. मी झोपली हावो असं वाटलं त्यायले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? उष्टावण येत्या रविवारनंतरच्या रविवारी आहे ना?"

"त्यायनं बांधलं, त्यायनंच सोडाले पायजे."

"पण जायचं नाही तरी का? नातीला पाहिलंसुद्धा नाही त्यांनी."

 काकूंनी मला लॉबीच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. लोक पांगल्यावर मुलगी खाली आली. तिला ऑफिसातून फोन करून बोलावलं होतं. तिनं थर्माकोलचे दाणे वेचले, सगळ्यांची माफी मागितली, लिफ्टमध्ये एक शब्द बोलली नाही. घरात आल्यावर म्हणाली, 'बाबा, इथं येऊन असंच करायचं असेल तर येत जाऊ नका.'

"तेवढंच?" मी म्हटलं. मला खरंच वाटलं, तेवढंच?

"तेवढंच. रागात बोलली, दुसऱ्या दिवशी इसरली असंल. पण पोरगी आमच्याशी घरात नेहमी आपल्या इकडचंच बोलते. त्या दिवशी पुण्याची मराठी बोलली. हे रातभर मले विचारत होते, ते माझ्याशी तसं काऊन बोलली व? मी का वॉचमन होय?"

फाटकाची कडी वाजली. "लवकर," काकू म्हणाल्या.  मी काडी दांड्यात खुपसली, दोन वेढे दिले, गठ्ठा उचलला आणि पेपर तपासायचं सोंग घेतलं. काकांनी आत येऊन खिडकीकडे न पाहता चप्पल काढली. फुलाकडे पाहायचं ते टाळतात, हे तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. मला त्यांची इतकी दया आली की मी एका नापास होणाऱ्या पोराला पास करून टाकलं.

रविवारी सकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. काकूंनी मला मुद्दाम खाली बोलावलं होतं. मोबाइलवर आधी नात आली, मग नातीची मूठ, मग मुलगी.

"बाबा, पुढचा रविवार पक्का. भटजीले सांगतलं. तुमी कधी निघता?"

काकांनी याची तयारी केली होती. त्यांनी मोबाइल उचलला आणि रुबाबात खिडकीकडे फिरवला. "हे पाह्य. फूल हाय अजून. फूल हाय तोवर कुंडी नाही बदलवत. तूच तं सांगतलं होतं. आता मी कसा येऊ?"

पलीकडे मुलगी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "बाबा, फूल उलटं काऊन हाय?"

काकांनी पाहिलं. मीही पाहिलं. मोजडीची मोजडी वर होती. जी पाकळी वर असायची ती खाली लोंबत होती. गडबडीत मी फूल पार उलटं खोचलं होतं, आणि फुलाकडे न पाहणाऱ्या माणसाला चार दिवस ते दिसलं नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. काकू मोठ्या मन लावून चिन्नोरातले खडे वेचत होत्या, ज्यात एकही खडा नव्हता.

 पलीकडे बाळ तेवढं काहीतरी बोलत होतं. शेतकी शिकलेली मुलगी ती, तिला दोरा दिसलाच असणार. मला वाटलं, आता ती हसेल. ती हसली असती तर काका त्या घरात पुन्हा कधीच गेले नसते, हे मला तेव्हाही कळत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "आमच्या लॉबीतल्या कुंड्या डुलून राहिल्या."

काकांनी मोबाइल स्वतःकडे फिरवला. "त्या प्लास्टिकच्या?"

"नाही. त्या फेकल्या. आता खऱ्या ठेवल्या. चार हायेत. बदलायच्या का नाही, कोणालेच समजून नाही राहिलं."

"वास घेतला?"

"घेतला. मले नाही समजत वास."

"आंबट येते का जंगलासारखा येते?"

"बाबा, तुमीच येऊन पाहा."

  काकांनी हात लांब करून दोऱ्याचा वेढा सोडला, काडीसकट फूल काढलं आणि खिशात टाकलं. "पाहा लागंल," ते म्हणाले. "डुलून राहिल्या म्हणजे पाहाच लागंल."

मोजडीची कुंडी त्याच दिवशी बदलली, आणि ती काकूंनी बदलली. काका राइस मिलमधून आणलेला जळका तूस, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, फडकं, गॅसवर तापवलेलं ब्लेड असं सगळं मांडून बसले आणि कुठून सुरुवात करावी यावर बोलू लागले. काकू माहेरच्या बांधीत रोवण्याला सगळ्या बायकांच्या पुढं असायच्या, हे मला शेजारणीनं सांगितलं होतं. त्यांनी कुंडी आडवी करून बुडावर थाप मारली, झाड हातात घेतलं आणि मुळांतला जुना भुगा पायाच्या कडेवर आपटून झाडला, पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, मुठी झाडतात तसा. काकांनी डोळे मिटले. सडलेली मुळं ब्लेडनं कापली, घट्ट ठेवली, फुटव्याचं बूड जरा खाली जाईल असं झाड बसवलं, भोवतीनं भर घातली, दोनदा ठोकलं. चहा निवायच्या आत झालं.

"हलवून पाहा," त्या म्हणाल्या.

काकांनी दोन बोटांत धरून हलवलं. "घट्ट हाय," ते म्हणाले, जरा नाराजीनंच.

बुधवारी दोघं पुण्याच्या गाडीत बसली. सामानात एक बॅग, चिन्नोरची पुरचुंडी आणि जळक्या तुसाचं अर्धं पोतं, ज्यावरून डब्यातल्या लोकांशी काकांचं गाडी सुटायच्या आधीच वाजलं. खिडकीतून हात बाहेर काढून ते मला कुंडीला पाणी किती आणि कधी घालायचं ते गाडी हलली तरी सांगत होते.

त्या रविवारी दुपारी काकूंनी फोटो पाठवला. काकांच्या मांडीवर नात, तिच्या ओठांवर भात, आणि काकांच्या चेहऱ्यावर कालव्याचं दार उघडताना असावी तशी काळजी. मी फोन केला. काकू आधी सगळं बोलल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "अन् त्या कुंड्या, आमी यायच्या आदल्या दिवशी आणल्या पोरीनं. जावई सांगत होता."

मग काकांनी फोन घेतला. मोजडीची चौकशी केली, मी पाणी जास्त घालत असणार असं गृहीत धरून मला रागावले. मी म्हटलं, "काका, लॉबीतल्या कुंड्या पाहिल्या का?"

"पाहिल्या."

"डुलतात?"

 "एक बी नाही. चारही घट्ट. वास एकदम जंगलाचा. एकीवर तं नर्सरीची चिठ्ठी बी लागून हाय."

ज्या माणसानं तीन वर्षं मला खुणा घोकायला लावल्या, ज्यानं घट्ट झाडाला बोट लावणाऱ्याला कधी माफ केलं नाही, त्याला मी विचारलं, "मग काय केलंत?"

"पोरगी बाजूले उभी होती मॅडम," काका म्हणाले. "लेकरू कडेवर घेऊन. मंग काय करता? बदलल्या चारही."